नव्याचे नऊ दिवस आणि पुढची दहा वर्षे

दरवर्षी ठरावीक महिन्यात एखाद्या मोठ्या तंत्रज्ञान कंपनीचा सोहळा होतो. अंधारलेला मंच असतो, मागे भिंतभर पडदा असतो, कंपनीचे प्रमुख साध्या कपड्यांत चालत येतात आणि तासाभरात चार-पाच उत्पादने दाखवून जातात. दुसऱ्या दिवशी समीक्षकांचा निकाल बहुधा एका वाक्यात लागतो: यंदाही क्रांतिकारक असे काही नाही. कॅमेरा थोडा सुधारला, बॅटरी तासभर जास्त चालू लागली, चिप वेगवान झाली. थोडक्यात, शिळ्या कढीला ऊत. तंत्रज्ञान कंपनीने दर काही वर्षांनी जग बदलणारी वस्तू काढली नाही, तर तिची उतरण सुरू झाली असे समजावे, हे गृहीतक या निकालामागे असते. मला ते चुकीचे वाटते, आणि त्या चुकीचा भुर्दंड अखेर वस्तू वापरणाऱ्यांनाच पडत असल्याने ते एकदा नीट तपासून पाहावे असेही वाटते.

या गृहीतकाची सर्वांत मोठी परीक्षा अ‍ॅपलच्या बाबतीत झाली. स्टीव्ह जॉब्स यांनी ऑगस्ट २०११ मध्ये सूत्रे टिम कुक यांच्याकडे सोपवली, तेव्हा कंपनीचे बाजारमूल्य सुमारे ३५ हजार कोटी डॉलर होते. नवी वस्तू कल्पून काढणारे म्हणून कुक यांची ख्याती नव्हती. १९९८ मध्ये ते अ‍ॅपलमध्ये आले ते पुरवठ्याची आणि साठ्याची घडी बसवण्यासाठी, आणि महिनाभर पडून राहणारा माल त्यांनी काही दिवसांवर आणून दाखवला होता. आता पुढचा आयफोन कोण काढणार, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जात आहे. पुढचा आयफोन निघालाच नाही. मनगटी घड्याळ २०१५ मध्ये आले, बिनवायरचे इअरफोन २०१६ च्या अखेरीस आले आणि दोन्ही भरपूर खपले, पण २००७ च्या त्या फोनच्या तोडीचे काही आले नाही. मोटारीचा प्रकल्प सुमारे दहा वर्षे चालवून २०२४ मध्ये गुंडाळल्याच्या बातम्या आल्या, आणि त्याच वर्षी ३,४९९ डॉलरला विक्रीला आलेल्या व्हिजन प्रो या डोळ्यांवर चढवायच्या उपकरणाने बाजार काही हलवला नाही. तरीही त्याआधीच, जानेवारी २०२२ मध्ये, कंपनीचे बाजारमूल्य ३ लाख कोटी डॉलरला जाऊन टेकले होते.

या वर्षांत कंपनी नुसती बसून होती असे नाही. २००८ मध्ये तिने पी. ए. सेमी नावाची एक छोटी चिप कंपनी विकत घेतली, २०१० मध्ये स्वतःची चिप फोनमध्ये बसवली, दरवर्षी ती थोडी थोडी सुधारली आणि २०२० मध्ये त्याच घराण्यातली एम-वन ही चिप आपल्या संगणकांत घातली. बारा वर्षांच्या या कामातला कोणताही एक दिवस क्रांतीचा म्हणून दाखवता येणार नाही.

खुद्द आयफोनही पहिला नव्हता. स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याचा आणि ई-मेल पाठवणारा आयबीएमचा सायमन हा फोन १९९४ मध्येच विक्रीला आला होता. त्याची बॅटरी जेमतेम तासभर टिकत असे. आयपॉडच्या तीन वर्षे आधी गाणी वाजवणारी खिशात मावणारी यंत्रे मिळत होती, गूगलच्या आधी अल्टाव्हिस्टा होते, फेसबुकच्या आधी फ्रेंडस्टर आणि मायस्पेस होते. शिवाय २००७ चा आयफोन आज हातात घेतला तर गंमत वाटेल. त्यात बाहेरची अ‍ॅप घालता येत नव्हती, ती सोय २००८ मध्ये आली. एका ठिकाणचा मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवता येत नव्हता, ते २००९ मध्ये जमले. आपण ज्याला क्रांती म्हणून आठवतो तिचा बराचसा भाग नंतरच्या दोन-तीन वर्षांच्या दुरुस्त्यांनी भरून काढलेला आहे, पण स्मरणात मात्र मंचावरचा तो एक दिवस राहतो.

शोध लावणाऱ्यांचे पुढे काय होते, हा विषय निघाला की झेरॉक्सचे नाव हटकून येते. १९७० मध्ये या कंपनीने कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथे संशोधन केंद्र काढले आणि १९७३ मध्ये तिथे आल्टो नावाचा संगणक तयार झाला. माउस, पडद्यावरच्या खिडक्या, संगणक एकमेकांना जोडणारे इथरनेटचे जाळे, असा पुढच्या पन्नास वर्षांचा ऐवज त्या एका इमारतीत जमला होता, आणि त्यावर पैसा केला तो इतरांनी. ही कथा सगळ्यांना ठाऊक असते. तिचा दुसरा अर्धा भाग मात्र कमी सांगितला जातो. त्याच केंद्रात लेझर प्रिंटरही आकाराला आला आणि त्याने झेरॉक्सला अब्जावधी डॉलर मिळवून दिले. कंपनी तीच, प्रयोगशाळा तीच, मग एक शोध फळला आणि दुसरा वाया गेला हे कसे? कागदावर पाने उमटवून देणे हा झेरॉक्सचा रोजचा धंदा होता. त्यासाठी लागणारे विक्रेते, दुरुस्तीला जाणारे तंत्रज्ञ, सुट्या भागांचा पुरवठा, ग्राहकांशी असलेले करार हे सगळे आधीपासून उभे होते आणि लेझर प्रिंटर त्या व्यवस्थेत अलगद बसला. टेबलावरचा संगणक विकायचा तर ही सगळी व्यवस्था नव्याने उभारावी लागली असती. शोधाचे मोल शोधावर कमी आणि तो ज्या जमिनीत पडतो तिच्यावर अधिक अवलंबून असते, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

कोडॅकची गोष्टही अशीच अर्धवट सांगितली जाते. १९७५ मध्ये स्टीव्हन सॅसन या कोडॅकच्या तरुण अभियंत्याने फिल्मशिवाय चालणारा कॅमेरा जुळवला. साडेतीन किलोंहून जड असा तो डबा होता. शंभर गुणिले शंभर ठिपक्यांचे, म्हणजे अवघे दहा हजार ठिपक्यांचे कृष्णधवल चित्र तो टिपत असे, ते साध्या ध्वनिफितीच्या कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत आणि पाहायचे तर दूरचित्रवाणी संचाला वेगळे यंत्र जोडावे लागे. कोडॅकने हा शोध दडपला आणि म्हणून जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करण्याची वेळ तिच्यावर आली, असा या कथेचा शेवट केला जातो. पण मधल्या काळात कोडॅकने डिजिटल कॅमेरे बनवले, पेटंटांवर भरपूर पैसा मिळवला, इतकेच काय, २००५ मध्ये अमेरिकेत डिजिटल कॅमेऱ्यांच्या विक्रीत ती पहिल्या क्रमांकावर होती. तिच्याकडे शोध होता आणि विकायला वस्तूही होती. तिचा नफा मात्र फिल्मच्या रोलमध्ये, तो धुण्याच्या रसायनांत आणि छपाईच्या कागदात होता. एकदा कॅमेरा विकला की पुढची कितीतरी वर्षे गिऱ्हाईक त्यासाठी पैसे देत राहायचे. डिजिटल कॅमेरा विकला की व्यवहार तिथेच संपे. आणखी दहा नवलाईच्या वस्तू काढून हे दुखणे बरे झाले नसते.

तिची जपानी प्रतिस्पर्धी फुजीफिल्म तगली. फिल्मवर अतिशय पातळ थर चढवण्याचे, जिलेटिनचे आणि रंग विटू न देणाऱ्या रसायनांचे ज्ञान तिच्याकडे होते. त्यातून तिने सपाट पडद्यांसाठी लागणारी पातळ आवरणे बनवली आणि पुढे त्वचेच्या प्रसाधनांतही पाऊल टाकले. यातली कुठलीही वस्तू मंचावर दाखवून लोकांचे डोळे दिपवण्याजोगी नव्हती.

माझ्या मते या वादातले सर्वांत बोलके उदाहरण निन्टेंडोचे आहे. गुनपेई योकोई १९६५ मध्ये या कंपनीत लागले, तेव्हा ती पत्ते बनवत होती आणि पत्त्यांच्या यंत्रांची देखभाल हे त्यांचे काम होते. पुढे खेळणी आणि खेळयंत्रे तयार करताना त्यांनी जे सूत्र पाळले त्याचा मराठीत अर्थ सांगायचा तर, मुरलेल्या तंत्रज्ञानाचा आडव्या वाटेने विचार. जे तंत्र जुने झाले आहे, स्वस्त झाले आहे, ज्याच्या खोडी सगळ्यांना माहीत झाल्या आहेत, ते घ्यायचे आणि त्याचा कोणाला न सुचलेला उपयोग शोधायचा. १९८९ चा गेम बॉय याच विचाराने झाला. त्याचा पडदा हिरवट, रंगहीन, मागून प्रकाश नसलेला, त्यामुळे अंधारात निरुपयोगी. त्याच वर्षी अटारीचे लिंक्स हे रंगीत पडद्याचे यंत्र आले आणि पुढच्या वर्षी सेगाचे गेम गिअर. दोन्ही तांत्रिक दृष्ट्या सरस होती. परंतु त्यांना प्रत्येकी सहा पेन्सिल सेल लागत आणि ते चार-पाच तासांत संपत. गेम बॉय चार सेलवर त्याच्या तिप्पट वेळ सहज चाले. खेळता खेळता यंत्र बंद पडलेल्या मुलाला पडद्याच्या रंगांचे कौतुक किती वाटणार? गेम बॉय आणि १९९८ मध्ये आलेली त्याची रंगीत आवृत्ती मिळून जवळजवळ ११ कोटी ८७ लाख यंत्रे खपली. आणि याच योकोईंनी १९९५ मध्ये खरोखर नवी म्हणावी अशी वस्तू काढली, डोळ्यांना लावून त्रिमितीचा आभास देणारा व्हर्च्युअल बॉय. ती वर्षभरातच बाजारातून गुंडाळावी लागली.

मग दरवर्षी क्रांतीची मागणी करते तरी कोण? माझा अनुभव असा की वस्तू वापरणारे ती फारसे करत नाहीत. काही वर्षे मी एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत तक्रारी निवारणाऱ्या गटात काम करत होतो. अहवाल छापला की उजवीकडचा रकमेचा रकाना कापला जातो, ही एकच तक्रार वेगवेगळ्या गिऱ्हाइकांकडून महिनोन्महिने येत राहिली. तीन आवृत्त्या निघाल्या. प्रत्येक आवृत्तीत मुखपृष्ठ नवे होते, एकीत तर बोलून आज्ञा देण्याची सोय होती. रकाना कापला जातच राहिला, कारण छपाई दुरुस्त केल्याची बातमी होत नाही आणि वरिष्ठांना ती कोणापुढे मिरवता येत नाही. मागणी येते ती समभागांच्या बाजारातून. कंपनीच्या आजच्या भावात उद्याची वाढ आधीच धरलेली असते, चालू धंदा कितीही नफ्यात असला तरी तो त्या वाढीला पुरा पडत नाही, आणि उरलेली फट भरण्यासाठी एखादी अद्भुत कथा सांगावी लागते.

कथा सांगण्याची ही सक्ती किती दूर नेते ते थेरानोसने दाखवले. २००३ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने बोटातून काढलेल्या रक्ताच्या काही थेंबांवर ढीगभर तपासण्या करून देण्याचा दावा केला, तिचे मूल्य ९०० कोटी डॉलरपर्यंत चढले, आणि ते यंत्र सांगितल्याप्रमाणे चालतच नव्हते. जानेवारी २०२२ मध्ये तिच्या संस्थापक एलिझाबेथ होम्स यांना गुंतवणूकदारांची फसवणूक केल्याबद्दल दोषी ठरवण्यात आले. हे टोकाचे उदाहरण झाले. रोजच्या पातळीवर ही सक्ती वेगळ्या रीतीने दिसते: नवे सुरू करणाऱ्याचे कौतुक होते आणि चालू असलेले सांभाळणाऱ्याला कोणी विचारत नाही, म्हणून चालू असलेले बंद पडते. गूगलने संकेतस्थळांवरचे नवे लेख एकत्र वाचण्याची आपली रीडर ही सेवा २०१३ मध्ये बंद केली, गूगल प्लस हे समाजमाध्यम २०१९ मध्ये, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये थाटाने आणलेली स्टेडिया ही खेळसेवा जानेवारी २०२३ मध्ये.

सांभाळण्याच्या कामाची आठवण होते ती ते चुकल्यावर. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या प्रणालीतली हार्टब्लीड नावाची चूक उघडकीस आली. संकेतस्थळांवरची गुप्त माहिती सुरक्षित ठेवण्यासाठी जगभरातले असंख्य सर्व्हर हीच प्रणाली वापरत होते, चूक दोन वर्षे तशीच पडून होती, आणि एवढ्या पायाभूत गोष्टीची देखभाल मूठभर माणसे, तीही बहुतेक स्वयंसेवक, करत होती. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार विंडोजवर चालणारी ८५ लाख यंत्रे कोलमडली. विमाने खोळंबली, रुग्णालयांची कामे अडली. त्या दिवशी जगाला कोणत्याही नव्या शोधाची गरज नव्हती. अपडेट पाठवण्याआधी ते नीट तपासण्याची होती.

इथवर वाचून कोणी म्हणेल की मग कंपन्यांनी आहे तेच घासूनपुसून विकत राहावे. तसे माझे म्हणणे नाही, आणि या बाजूचे पुरावेही कमी बोचरे नाहीत. २००७ मध्ये जगात विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनांपैकी निम्म्याच्या आसपास नोकियाचे होते. सहा वर्षांनी, सप्टेंबर २०१३ मध्ये, तिला आपला फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकत असल्याचे जाहीर करावे लागले. जुने किती ताणायचे याला मर्यादा असते, याचा सर्वांत भीषण दाखला बोइंगने दिला. १९६७ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या ७३७ विमानाच्या सांगाड्यावर मोठी, इंधन वाचवणारी इंजिने बसवायची म्हणून ती पुढे आणि वर सरकवावी लागली. त्यामुळे बदललेला विमानाचा तोल सांभाळण्यासाठी सॉफ्टवेअरचे ठिगळ लावले गेले, आणि २०१८ व २०१९ मधल्या दोन अपघातांत ३४६ माणसे मेली. पाया जुना झाला असताना वरवर सुधारणा करत राहणे हे सांभाळणे नव्हे, ती टाळाटाळ आहे.

पण या दोन्ही ठिकाणी कमी पडली ती कल्पकता नव्हती. नोकिया संशोधनावर प्रचंड खर्च करत होती आणि बोइंगला नवे विमान बनवता येत नव्हते असेही नाही. आपला पाया सरकतो आहे हे वेळेवर कबूल करणे आणि मग दीर्घकाळ तोट्यात राहून नवा पाया रचणे, हे अवघड असते. एनव्हिडियाने २००६ मध्ये आपल्या खेळांसाठीच्या चिपवर सर्वसाधारण गणिते करता यावीत म्हणून कुडा ही प्रणाली आणली, तेव्हा तिला फारसे गिऱ्हाईक नव्हते. सहा वर्षांनी, २०१२ मध्ये, चित्रे ओळखण्याच्या स्पर्धेत अ‍ॅलेक्सनेट या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने बाजी मारली आणि ती शिकवली गेली होती बाजारात सहज मिळणाऱ्या, एनव्हिडियाच्याच दोन कार्डांवर. नेदरलँड्समधली एएसएमएल ही कंपनी तर अतिनील प्रकाशाने चिप कोरण्याच्या एकाच यंत्रामागे दोन दशकांहून जास्त काळ लागली होती. त्या यंत्रात वितळलेल्या कथिलाचे थेंब सेकंदाला ५० हजार या गतीने सोडले जातात आणि प्रत्येक थेंबावर लेझरचा मारा करून १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश मिळवला जातो. हवाही हा प्रकाश शोषून घेते म्हणून सारे निर्वातात चालते. असे यंत्र आज दुसरी कोणतीही कंपनी विकत नाही. याला क्रांतिकारक म्हणायचे असेल तर जरूर म्हणावे, पण दरवर्षी नवे काहीतरी दाखवा असा तगादा लावणाऱ्यांच्या हाती ही कंपनी असती तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच तो प्रकल्प बंद पडला असता.

माझ्या म्हणण्याला खरा अडसर निराळाच आहे. नवे काही न काढताही कंपनी भरभराटीत राहू शकते हे एकदा मान्य केले की ती कशाच्या बळावर राहते, हे विचारावे लागते. चांगल्या देखभालीच्या बळावर, की नाक्यावर बसून टोल वसूल करण्याच्या? ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका संघीय न्यायालयाने गूगलने शोधसेवेतली मक्तेदारी बेकायदा मार्गाने टिकवल्याचा निर्णय दिला. त्या खटल्यातून बाहेर आलेल्या कागदपत्रांनुसार, अ‍ॅपलच्या ब्राउझरमध्ये आपलीच शोधसेवा आधीपासून लावलेली असावी यासाठी गूगलने एकट्या २०२२ मध्ये अ‍ॅपलला सुमारे २ हजार कोटी डॉलर दिले होते. दोन्ही कंपन्या यशस्वी, दोघींच्याही वहीत नफा, आणि या व्यवहारात नवे कोणी काहीच केलेले नाही. याच गूगलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ट्रान्सफॉर्मर ही कृत्रिम बुद्धिमत्तेची रचना मांडली होती, जिच्यावर चॅटजीपीटी उभे आहे. सर्वसामान्यांच्या हाती ते नोव्हेंबर २०२२ मध्ये दिले ते मात्र ओपनएआयने. नाक्यावरची वसुली बिनधोक चालू असली की आपल्याच घरात लागलेला शोध बाहेर काढण्याची घाई कोणाला नसते.

म्हणून कंपनीच्या यशाची आणि लोकांच्या सोयीची गल्लत करू नये असे मला वाटते. यशासाठी क्रांती लागत नाही, हे गेल्या पन्नास वर्षांच्या इतिहासावरून पुरेसे दिसते; पण क्रांती न करणारी प्रत्येक कंपनी निमूटपणे चांगले काम करत असते असे समजण्याचे कारण नाही. नाक्यावरच्या कंपन्यांचा बंदोबस्त स्पर्धेच्या कायद्याने करायचा आहे, त्यांच्याकडे आणखी नवलाईची मागणी करून नव्हे. उरलेल्या कंपन्यांना विचारायचा प्रश्न सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी विचारला जातो त्याहून साधा आहे: ही वस्तू तुम्ही किती वर्षे चालवून दाखवणार?

हा प्रश्न आता कायद्यातही आला आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, एखाद्या स्मार्टफोनची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमची अपडेट उपलब्ध ठेवावी लागतात आणि महत्त्वाचे सुटे भाग सात वर्षे मिळावे लागतात. त्याआधीच, ऑक्टोबर २०२३ मध्ये, गूगलने पिक्सेल ८ साठी सात वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले होते आणि तीन महिन्यांनी सॅमसंगने गॅलेक्सी एस २४ साठी तेच वचन दिले. सात वर्षांचे वचन म्हणजे २०३० च्या सुमारास कुणीतरी अभियंता तेव्हा जुन्यापुराण्या ठरलेल्या फोनसाठी सुरक्षेची दुरुस्ती लिहीत बसलेला असणे, आणि त्याचा पगार कंपनीने देत राहणे. पुढचा फोन घेताना मी हा आकडा आधी पाहणार आहे, कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल नंतर.